गुरुवारचा प्रेक्षक

नवा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि त्याचा पहिला आठवडा पुढच्या गुरुवारी रात्री संपतो. हे सगळीकडचंच गणित. पण पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात गुरुवार हा अनेक कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार आहे. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारांना वाटून दिल्या गेल्या, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या दिवशी भोसरीतल्या लहान वर्कशॉपची शटरं खाली असतात, एमआयडीसीतल्या चहाच्या टपऱ्या ओस पडतात आणि सलूनमध्ये रविवारसारखी गर्दी होते. सिनेमाशी याचा संबंध असा, की शुक्रवारी लागलेला सिनेमा इथला कामगार सातव्या दिवशी बघतो. सिनेमा चालला असेल तर ठीक. नसेल, तर तो बसलेला असतो तोच त्या पडद्यावरचा शेवटचा खेळ. बाहेर येऊन त्याने कितीही जीव तोडून सांगितलं, ‘अरे, बघाच,’ तरी ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तो सिनेमा सापडत नाही.

वाकडमध्ये राहून सिनेमावर बोलणारी माणसं ऐकताना मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त खुपते. सिनेमा आवडला की माणूस बोलतो, आणि त्या बोलण्यावरच लहान सिनेमा जगतो. पण बोलणं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आता सिनेमाला मिळत नाही.

वाकड मुळात म्हातोबाचं गाव. चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड आजही निघतं. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि शेतांच्या जागी उंच सोसायट्या आल्या. आज एका लिफ्टमधून लातूरचा, विजयवाड्याचा, कटकचा आणि सावंतवाडीचा माणूस एकत्र उतरतो. कुणाला कुणाचं गाव ठाऊक नाही, सोयरेधायरे ठाऊक नाहीत, भाषाही अर्धीमुर्धी कळते. मग बोलायचं कशावर? पाणी, ट्रॅफिक आणि शाळेची फी झाली की पुढचा विषय सिनेमा. ‘काय मग, बघितला का?’ एवढ्या प्रश्नावर आमच्याकडे ओळखी झाल्या आहेत, घरी येणं-जाणं सुरू झालं आहे.

पूर्वी सिनेमाला जायचं म्हणजे पिंपरी गाठायची. अशोक आणि विशाल ही तिथली टॉकीजं. पुढे विशालच्या जागी ई-स्क्वेअरचं मल्टिप्लेक्स आलं, हिंजवडीच्या तोंडाशी झायन मॉलमध्ये पडदे आले. २०२३ मध्ये वाकडातच महामार्गालगत फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम उघडला, त्यात पीव्हीआर आयनॉक्सचे १४ पडदे. एका गावात, एका छताखाली १४ पडदे! कानडी, तेलुगू, तमिळ, मल्याळम, हिंदी, इंग्रजी आणि मराठी, सगळं एका जिन्याच्या अंतरावर. मराठीला त्यातले किती खेळ आणि कोणत्या वेळी, हा प्रश्न मात्र दर शुक्रवारी नव्याने उभा राहतो.

मत तयार कसं होतं ते बघायला मॉलचं पार्किंग ही चांगली जागा आहे. खेळ सुटतो, माणसं सरकत्या जिन्यावरून उतरतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं ठरलेलं असतं: ‘सेकंड हाफ जरा ढेपाळला.’ किंवा ‘पैसा वसूल.’ किंवा ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ही वाक्यं सिनेमाबद्दल काही सांगत नाहीत. अंधारातून एकदम उजेडात आलेल्या माणसाला सोबतच्या माणसाचा अंदाज घ्यायचा असतो, म्हणून ती येतात. आपल्याला रडू आलं आणि ह्याला आलं नसेल तर? आपल्याला कळला नाही आणि हिला कळला असेल तर? गाडी कुठे लावली ते शोधताना हे असंच चालतं. मग गाडी रॅम्पवर रांगेत अडकते, पुढचा हॉर्न वाजवतो, मागच्या सीटवरचा मुलगा झोपतो, आणि तेव्हा कुणीतरी हळूच म्हणतं, ‘पण त्या म्हाताऱ्याने डबा तसाच परत ठेवला ना, तेव्हा मला कसंतरी झालं.’ मत सुरू होतं ते तिथून. डब्यापासून. सिनेमात नेमकं काय दिसलं आणि आपल्याला काय झालं, हे सांगणाऱ्या माणसाचं मी ऐकत राहतो. तारे देणाऱ्याचं, पाचपैकी साडेतीन म्हणणाऱ्याचं मला काही उपयोगाला येत नाही.

या पट्ट्यातल्या माणसांची नजर तयार असते. दिवसभर गेज लावून मापं तपासणारा, वेल्डिंगचा सांधा डोळ्यांनी पारखणारा, दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधून काढणारा माणूस सिनेमा बघायला बसतो तेव्हा ती नजर घरी ठेवून येत नाही. आमच्या इमारतीत चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातले सुपरवायझर राहतात. मूळचे लातूरकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, मीही. सिनेमात कारखाना आला की भाऊ सावरून बसतात. मशीन चालू असताना कुणी हातमोजे घातलेत का, शिफ्ट बदलताना माणसं कार्ड पंच करतात का, फोरमनचा आवाज कसा लागतो, हे ते बघतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात. ‘त्या पोराने पाना धरला ना, त्याने कधी पाना धरलेलाच नाही.’ समीक्षेच्या पुस्तकात हे वाक्य सापडायचं नाही, पण अभिनयाबद्दल याहून नेमकं मी फारसं काही ऐकलेलं नाही.

भाऊंच्या आयुष्यात एकदाच असं झालं, की ते पहिल्या दिवशीचे प्रेक्षक होते. १ मे २०२५. महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि वारही गुरुवार. त्या दिवशी शिवराज वायचळ यांनी दिग्दर्शित केलेला ‘आता थांबायचं नाय’ प्रदर्शित झाला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवर बेतलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव त्या कामगारांमध्ये, त्यांना शिकायला लावणारा अधिकारी आशुतोष गोवारीकर, शिकवणारा मास्तर ओम भूतकर. भाऊ वहिनींना आणि मुलीला घेऊन गेले. ते स्वतः दिवसा काम आणि रात्री अभ्यास करून आयटीआय झालेले. परत आल्यावर ते मला जिन्यात भेटले आणि सिनेमा चांगला की वाईट हे न सांगता थेट म्हणाले, ‘डोळ्यांवर झोप असताना गणित सोडवायचं म्हणजे काय, ते त्यांनी बरोबर दाखवलंय. आकडे हलतात. खरंच हलतात.’

शुक्रवारी पहाटे कंपनीच्या बसमध्ये त्यांनी हेच सांगितलं. बसमधल्यांनी लाइनवर सांगितलं, लाइनवरून गोष्ट दुसऱ्या पाळीला गेली. सिनेमा तेव्हा दुसऱ्याच दिवसात होता, त्याच्यापुढे अख्खा आठवडा होता. पहिल्या पाळीचे लोक संध्याकाळी गेले, दुसऱ्या पाळीचे सकाळच्या खेळाला. लाइनवरचा एक कंत्राटी मुलगा, नववीतून शाळा सुटलेला, चहाच्या सुट्टीत भाऊंना विचारत होता की खासगीरीत्या दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म कुठे भरतात. भाऊंना माहीत होतं. त्यांनी कधीकाळी धाकट्या भावाचा भरला होता.

एका सुट्टीचा वार सिनेमाच्या पहिल्या दिवशी आला तर इतका फरक पडतो. एरवी उलटं होतं.

त्याच वर्षी १८ जुलैला हिंदी ‘सैयारा’ आणि मराठी ‘ये रे ये रे पैसा ३’ एकाच शुक्रवारी आले. ‘सैयारा’ने तरुण मुलांना वेड लावलं. आमच्या सोसायटीतली अकरावी-बारावीतली पोरं डोळे सुजवून घरी आली, आणि मला त्यांच्या रडण्याचं काही वावगं वाटलं नाही. त्या वयात मोठ्या पडद्यासमोर चारचौघांत रडता येणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या लाटेत मराठी सिनेमाचे खेळ कमी झाले, त्यावरून राज्यभर वाद पेटला, राजकीय पक्ष उतरले. मराठी सिनेमाला संध्याकाळचा मोक्याचा खेळ मिळावा म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने नियम आणायचं ठरवलं, त्यावरही देशभर उलटसुलट बोललं गेलं आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. दहा वर्षांनंतर भांडण होतं तिथेच आहे. मला त्यात दोन्हीकडची एक गोष्ट दिसते. चित्रपटगृहवाला सोमवारी आकडे बघतो आणि रिकाम्या खुर्च्यांसाठी पडदा अडवून ठेवत नाही, हे व्यवहाराला धरून आहे. पण ज्याच्या तोंडून सिनेमाची खबर चाकणला जायची, तो गुरुवारी येणार आहे हे त्या सोमवारच्या आकड्यांत कुठे दिसत नाही.

पूर्वी काय होतं? वाकडपासून देहू फार लांब नाही. त्या देहूच्या तुकोबांवर प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ काढला. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या भूमिकेत, गौरी जिजाईच्या. मुंबईत तो सलग ५७ आठवडे चालला, पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. ५७ आठवडे म्हणजे वर्षाहून जास्त. एखाद्याने शिमग्याला बघितला, गावी जाऊन आषाढीला सांगितला, गावकऱ्याने पुढे गणपतीच्या सुमाराला कामानिमित्त मुंबईला जाऊन बघितला, तरी तो पडद्यावर होताच. बोलण्याच्या वेगाला सिनेमा थांबत होता. पुण्यात अप्पा बळवंत चौकात १९३४ मध्ये सुरू झालेलं प्रभात चित्रपटगृह तर मराठी सिनेमाचं घरच होतं. त्याच्या दारात उभं राहून आतून बाहेर येणाऱ्यांचे चेहरे बघायचे आणि मग तिकीट काढायचं की नाही ते ठरवायचं, अशी माणसं होती. ते २०१४ च्या अखेरीस त्या नावाने बंद झालं.

फार मागे जायचं नसेल तर संदीप सावंत यांचा ‘श्वास’ घ्या. २००४. डोळ्यांचा कर्करोग झालेला कोकणातला एक मुलगा आणि त्याचे आजोबा. नट म्हणून अरुण नलावडे आणि लहानगा अश्विन चितळे. ‘श्यामची आई’नंतर इतक्या वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट. पुरस्काराने त्याला नाव दिलं, पण तो घराघरांत गेला बायकांच्या, शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या बोलण्यामुळे. ऑस्करला पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गण्या केल्या. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला तेव्हा मागणीमुळे कुठे कुठे मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले. दोन्ही वेळेला जाहिरात पुरी पडली नसती. सांगणाऱ्यांनी काम केलं.

सांगणाऱ्यांचं एक वेगळं घराणंही आपल्याकडे आहे, त्याच्याबद्दल आदराने दोन शब्द लिहायलाच हवेत. मुंबईत १९६८ मध्ये प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकर आणि दिनकर गांगल यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. पुण्यात १९८५ पासून आशय फिल्म क्लब आहे. सिनेमा दाखवायचा, मग दिवे लावायचे आणि माणसांनी बोलायचं, असा शिरस्ता. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर होते. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेत दुसऱ्या वर्षी ते आले आणि १९९१ पर्यंत राहिले. अंधारात बसून, छोट्या विजेरीच्या उजेडात, ते पडद्यावरच्या गोष्टी वहीत टिपून ठेवत. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांच्या ‘सेल्युलॉइड मॅन’ या २०१२ च्या माहितीपटात त्यांचं ते वेड नीट बघायला मिळतं. कोणत्या रिळात काय आहे हे त्यांना पाठ असे. नायरसाहेबांना आणि आमच्या भाऊंना एका ओळीत बसवलं तर कुणाला विचित्र वाटेल, मला वाटत नाही. दोघेही ‘छान होता’ म्हणून सोडून देत नाहीत. दोघेही पडद्यावर काय होतं तिथून सुरुवात करतात.

यातलं पुण्यातलं सगळं घडलं लॉ कॉलेज रस्त्याच्या आसपास. वाकडहून संध्याकाळी तिथे पोचायचं म्हणजे विद्यापीठ चौकात तास जातो. त्यामुळे आमच्याकडची चर्चा स्वतःची स्वतः शिकलेली आहे. ती कच्ची आहे, कधी कधी आक्रस्ताळी आहे, पण खरी आहे.

आक्रस्ताळीपणाची वेळ आली ‘छावा’च्या वेळी. १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकर यांचा हा हिंदी चित्रपट आला. प्रदर्शनाच्या आधीच ट्रेलरमधल्या लेझीमवरून वाद झाला आणि दिग्दर्शकांनी तो भाग काढला, नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. आमच्यापासून तुळापूर आणि वढू जवळ आहेत. संभाजीराजांचा शेवट ज्या मातीत झाला ती ही. त्यामुळे इथे हा सिनेमा नुसता सिनेमा नव्हता. खेळ संपल्यावर लोक उभे राहून गारद देत होते, बायका पदराने डोळे पुसत होत्या, सोसायटीतली काही कुटुंबं पुढच्याच सुट्टीला तुळापूरला जाऊन आली. पण मत मांडण्याची पंचाईत झाली. पार्कमध्ये सकाळी फिरणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी, ज्यांनी शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी अनेकदा वाचली आहे, एवढंच म्हटलं की येसूबाईंना आणखी जागा हवी होती, त्या राजकारण जाणणाऱ्या होत्या. त्यावर बाकावरचे दोघे उखडले. गुरुजींनी आवाज न चढवता येसूबाईंचा पुढचा सगळा इतिहास सांगितला: रायगडचा वेढा, मोगलांच्या ताब्यातली वर्षं, शाहू महाराजांचं वाढणं, सुटका. फेरी मारून थकलेली माणसं बसून ऐकत राहिली. महाराजांवरच्या भक्तीला धक्का न लावता सिनेमाबद्दल वेगळं बोलता येतं, हे त्या बाकावर मी बघितलं.

बायकांच्या बोलण्याला मोजणारं अजून कुणी नाही, आणि तिथेच सगळ्यांची चूक होते. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा वाकडचा मॉल अजून उघडायचा होता. इथल्या भिशीच्या गटांतल्या बायकांनी रिक्षा ठरवल्या, नऊवारी नेसल्या, गॉगल लावले आणि त्या दुपारच्या खेळांना गेल्या. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर, दीपा परब. महाराष्ट्रभर हेच घडलं आणि मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत तो जाऊन बसला. त्यानंतर आमच्या सोसायटीत जे बोलणं झालं त्यात ‘पटकथा’ हा शब्द एकदाही आला नाही. ‘ती मधली म्हणजे आमच्या मोठ्या वन्संच हो,’ असं कुणी म्हटलं, आणि मग मोठ्या वन्संची गोष्ट निघाली, जी वीस वर्षांत कधी निघाली नव्हती. सिनेमाचं परीक्षण वाचून हे होत नाही. एकत्र बघून, एकत्र परत येऊन होतं.

‘ओटीटीवर आला की बघू’ हे वाक्य मला म्हणूनच लागतं. ते म्हणणाऱ्याचा दोष नाही. चार माणसांचं घर, तिकिटं, मक्याच्या लाह्या, पार्किंग धरून हजार-दीड हजाराचा खर्च. एप्रिल २०२५ पासून पीव्हीआर आयनॉक्सने मंगळवारी ९९ रुपयांपासून तिकिटं ठेवली, त्या दिवशी कॉलेजची मुलं आणि पेन्शनर दिसतात. पण घरी मोबाइलवर एकेकट्याने बघितलेल्या सिनेमाबद्दल लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही. प्रत्येकाचा अर्धवट राहिलेला असतो, एकाचा विसाव्या मिनिटाला, दुसऱ्याचा शेवटून दहाव्या.

याच्या उलट गणपतीतली एक रात्र सांगतो. दहा दिवसांतल्या एका रात्री आमच्या सोसायटीत पोडियमवर पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवतात. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर आजी-आजोबा, बाल्कन्यांतून डोकावणारे. गावच्या जत्रेत तंबूत सिनेमा बघितलेली पिढी अजून आहे. त्या तंबूंचा शेवटचा काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपला, तो २०१६ मध्ये कानला दाखवला गेला. आमच्या पोडियमवर मध्येच वारा येतो, कापड फुगतं, नायकाचं नाक लांब होतं आणि पोरं खिदळतात. तेलुगू शेजाऱ्याची आई मराठी कळत नसताना पूर्ण बसते आणि शेवटी सुनेला दोन प्रश्न विचारते. ते प्रश्न ऐकून कळतं की तिला सगळं कळलेलं आहे.

२०२५ च्या गणपतीनंतर लगेच, १२ सप्टेंबरला ‘दशावतार’ आला. सुबोध खानोलकर यांचं दिग्दर्शन. दृष्टी जात चाललेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री आणि तो साकारणारे, तेव्हा ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर. पहिल्या शनिवार-रविवारीच बोलबाला झाला. आमच्या सावंतवाडीच्या शेजाऱ्यांना तर बोलायला जत्राच सापडली. जत्रेच्या रात्री देवळासमोर नाटक उभं राहतं, आधी गणपती, सरस्वती, संकासुराचा आड दशावतार, मग आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या-उभ्या रचतात, बाईची सोंगं पुरुषच घेतात, प्रत्येक जण आपला रंग आपणच लावतो, पायपेटी आणि पखवाज पहाटेपर्यंत थांबत नाहीत. हे सगळं त्यांनी लिफ्टच्या दारात, दार पुन्हा पुन्हा हाताने अडवून सांगितलं. ते ऐकून ज्यांनी सिनेमा बघितला त्यांना बाबुलीच्या हाताची थरथर वेगळी दिसली. काहींनी आधीच कानडी ‘कांतारा’ची नक्कल म्हणून शिक्का मारला होता. शेजारी चिडले नाहीत. ‘तिकडे भूतकोला, इकडे दशावतार. दोन्ही किनाऱ्यावरच्या माणसांच्या रात्री. सारखं दिसणारच,’ म्हणाले.

त्याच्या पाठोपाठ १९ सप्टेंबरला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला, सनडान्सला जागतिक विभागाचं ज्युरींचं सर्वोच्च पारितोषिक मिळवून. वडील गेल्यावर सुतकाच्या दहा दिवसांसाठी गावी आलेला शहरातला मुलगा आणि गावातला त्याचा जुना मित्र, त्यांचं प्रेम. यावर इथे मोठ्याने कुणी बोललं नाही. पण एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की त्यातल्या आईला सगळं ठाऊक आहे आणि ती ते कसं पेलते ते बघून मला माझ्या आईशी फोनवर बोलावंसं वाटलं. अशा सिनेमाची खबर हळू आवाजातच पसरते. तिला सगळ्यांत जास्त दिवस लागतात.

म्हणून मागणं साधं आहे. हिंदी सिनेमाच्या बाबतीत निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ च्या संपानंतर जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, मग ४२.५, मग ३७.५, मग ३० असा उतरत जातो. म्हणजे सिनेमा टिकला तर चित्रपटगृहाच्या हाती दर तिकिटामागे जास्त येतं. टिकवण्यात त्यांचंही हित आहे. १४ पडद्यांपैकी एका पडद्यावर, संध्याकाळी, एक खेळ. ज्या मराठी सिनेमाचे प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत चढत गेलेत, त्याला दुसऱ्या गुरुवारपर्यंत हात लावायचा नाही. सोमवारचा आकडा बघा, पण या पट्ट्यात गुरुवारचाही बघा आणि मग ठरवा.

‘दशावतार’ला तो वेळ मिळाला. भाऊंनी तो दुसऱ्या गुरुवारी बघितला आणि शुक्रवारी बसमध्ये सांगितला. तिसरा गुरुवार होता २ ऑक्टोबर. दसरा, गांधी जयंती आणि सुट्टीचा वार, तिन्ही एका दिवशी. मशिनींना हार घातलेले, पट्टाच्या पट्टा घरी. आणि त्याच दिवशी ‘कांतारा’चा नवा भाग लागला. बसमधली अर्धी माणसं तिकडे गेली, काही जण बायका-पोरांना घेऊन बाबुली मेस्त्रीकडे गेले. शुक्रवारी पहाटे बस डांगे चौकातून सुटली तेव्हा वाद सुरू झाला होता, आणि भाऊ सांगतात, मोशी आली तरी दोन्ही बाजू ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी ठरलं की पुढच्या गुरुवारी ह्यांनी त्यांचा बघायचा आणि त्यांनी ह्यांचा.